टर्न अप

बुधवार, संध्याकाळचे सहा, हल शहर.
चर्चमागच्या हॉलात रेडिएटर नुसताच कण्हतोय,
आणि ग्लेनिस बाई फळ्यावर लिहितात: टर्न.
पुढे, जरा अंतर सोडून: अप.

‘टर्न म्हणजे वळणे, अप म्हणजे वर.
पण जोडी जमली की हे विसरायचं.
नवराबायकोसारखं असतं ते,
सुटं सुटं ओळखून उपयोग नाही.’
हसतात त्या एकट्याच.
बाकीचे वहीत उतरवून घेतात: नवरा. बायको.

पहिला अर्थ, वाढवणे.
बाई उठून रेडिएटरची कळ पिळतात,
कळ हातात येते.
‘समजलं ना?’ म्हणतात, आणि स्वेटरच्या खिशात टाकतात.

दुसरा अर्थ कारवानला आधीच येतो.
सुलेमानियाचा कारवान, हेसल रोडवर कपडे आल्टर करतो.
‘दिवसाला वीस पँटी टर्न अप, बाई!
या देशात माणसं आखूड, पँटी लांब.
पोरांच्या मी कापत नाही कधी. आत दुमडतो.
पोरगं वाढतं. मग उसवायचं.’

तिसऱ्यात नाक आहे. नाक मुरडणे.
सेमहार मान खाली घालते.
मासळीच्या कारखान्यातून ती थेट येते,
बसमध्ये तिच्या शेजारची सीट
बहुतेक रिकामीच असते.
हा अर्थ तिला कुणी शिकवावा लागला नाही.

चौथा. बाई चष्मा शोधतात, टेबलावर, पर्समध्ये,
शेवटी सोडून देतात: ‘जाऊ दे, इट विल टर्न अप.
म्हणजे, शोधू नका. मिळतं आपोआप.
चष्मा, किल्ली, मांजर...’

‘माणूस?’ सेमहार विचारते.

(चष्मा बाईंच्या डोक्यावर आहे.
कुणीच सांगत नाही.)

‘माणूससुद्धा,’ बाई हळूच म्हणतात,
आणि घाईघाईने व्याकरणाकडे वळतात:
इथे क्रियापद अकर्मक, बरं का.
हरवलेलाच कर्ता.
शोधणारा वाक्यात येत नाही.

शोधणारा वाक्यात येत नाही.
सेमहार हे लिहून घेते, खाली दोन रेघा मारते.

मी मागे चहाचे कप मांडत असते.
माझ्या भाषेत उशिरा येणाऱ्याला विचारतात,
‘काय, आत्ता उगवलास?’
इतका नेमका शब्द, अगदी ओठावर आला होता.
पण उगवायचं तर आधी
मातीखाली जावं लागतं.
मी साखर किती म्हणून विचारलं.

गृहपाठ: पाच वाक्ये.
सेमहारची चार बरोबर. पाचवं,
‘माझा भाऊ फिल्मोन टर्न अप’,
आणि पूर्णविराम नाही.
बाईंनी समासात पेन्सिलीने लिहिलं, काळ?
मग खोडरबराने पुसलं.
कागद तिथे थोडा पातळ झालाय.

पुढच्या बुधवारी ती पिशवी घेऊन आली.
सेलमधली पँट, निळी, किमतीची चिठ्ठी तशीच.
कारवानने टेबलावर पसरली,
तोंडात टाचण्या धरून विचारलं, ‘उंची?’

निघाला तेव्हा पंधराचा होता. आता एकोणीस.
शेवटचा फोन ट्रिपोलीहून, दोन मिनिटं,
त्यात उंचीचं कोण बोलतं?

तिने हात स्वतःच्या कानाशी धरला.
मग कपाळाशी.
कारवान टाचण्यांमधून बोलला,
‘थांब, कापत नाही. कच्चा टाका घालतो.’

रेडिएटर अजून थंडच.
ती टाचांवर उभी राहिली,
आणि हात आणखी थोडा
वर नेला.